रफारची वाटणी

बैठक पुसदला किसनसिंगच्या दुकानात ठरली. यवतमाळला ठरली असती तर मंदारच्या घरी झाली असती आणि दिग्रसला ठरली असती तर प्रेरणाच्या, आणि दोघंही एकमेकांच्या घरी जायला तयार नव्हते. किसनसिंग राठोड तीस वर्षं लग्नपत्रिका, अर्ज आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देत होता. रफार सगळ्यात आधी वापरला तो त्यानंच.

रफार हे एक छोटं सॉफ्टवेअर. पूर्वी मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येक दुकानाचा फाँट निराळा असे आणि तो फाँट आपल्या कॉम्प्युटरवर नसला की अख्खी फाइल म्हणजे नुसता चिन्हांचा कचरा दिसे. रफार अशा जुन्या फायली आजच्या युनिकोड मराठीत बदलून देई. फुकट. त्याचा कोडही उघडा होता; कोणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. मंदार पांढरीपांडेनं बारा वर्षांपूर्वी यवतमाळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेची नोकरी करता करता तो लिहायला घेतला. आता नऊ माणसं त्यावर काम करत होती. पण सगळ्यांच्या दुरुस्त्या गोळा करायच्या, तपासायच्या, आपली डिजिटल सही करायची आणि नवी आवृत्ती लोकांसाठी खुली करायची, म्हणजे रिलीज करायचं, हे काम पहिल्या दिवसापासून एकट्या मंदारचं होतं. सही त्याच्याशिवाय कोणाचीच चालत नसे.

आणि गेले चौदा महिने त्यानं रिलीज केलंच नव्हतं.

प्रेरणा गावंडे एकतीस वर्षांची. घर शेतकऱ्याचं, कापसाचं आणि तुरीचं. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम दिग्रसला घरी बसून करायची आणि उरलेल्या वेळात रफारचं. तीन वर्षांत सगळ्यात जास्त दुरुस्त्या तिनं पाठवल्या होत्या आणि त्यातल्या एकतीस मंदारच्या होकाराची वाट पाहत पडून होत्या. ऑगस्टमध्ये तिनं गटाला पत्र लिहिलं. रिलीजचं काम दोघांत वाटावं, एक आवृत्ती मंदार सरांनी करावी, पुढची मी. सहीचा अधिकार दोघांना असावा. सात जणांनी हो म्हटलं. मंदारनं तीन आठवड्यांनी एक ओळ पाठवली. "समोरासमोर बोलू."

मंदार दुकानात आला तो बॅग मांडीवर घेऊन बसला, लगेच उठून जायचं असल्यासारखा. अठ्ठेचाळिशीचा, केस नीट मागे वळवलेले, शर्टाला इस्त्री.

"तर प्रेरणा गावंडे म्हणजे तू," तो म्हणाला. "पत्र वाचून मला वाटलं, कोणी मोठी बाई असेल."

"चौदा महिने झाले, सर. लोक मला विचारतात. मी काय सांगू?"

"सांग, मंदार पांढरीपांडे अजून जिवंत आहे. झालं की देईल."

"तुम्ही आजारी असता, घरी काही अडचण असती, तर आम्ही थांबलो असतो."

"मी आजारी नव्हतो. मला तुमच्या दुरुस्त्या आवडल्या नव्हत्या."

"मग तसं लिहायचं ना."

"का? तुम्हाला शिकवत बसू? माझ्या कोडवर हात साफ करायला आलात, आता मालक झालात. हे काही शेत नाही, अर्धं तुला, अर्धं मला करायला."

प्रेरणानं किसनसिंगकडे पाहिलं. तो प्रिंटरमध्ये कागद भरत होता आणि मुद्दाम हळू भरत होता.

"शेत वाटलं तर आमच्याकडे मोजणी होते," ती म्हणाली. "बांध पडतो, कागद होतो. तुमच्याकडे कागदच नाही. रिलीज कसं करायचं, हे तुम्ही बारा वर्षांत एका ओळीनं कुठं लिहून ठेवलेलं नाही."

"माझ्या डोक्यात आहे."

"तेच म्हणून राह्यली मी."

किसनसिंगनं प्रिंटरचं झाकण लावलं. "मंदारभाऊ, सात लोकं हो म्हणले," तो म्हणाला. "आता तू अडून बसला तं हेच लोकं हाच कोड उचलतीन अन् दुसऱ्या नावानं चालू करतीन. त्याइले कोणी थांबवू शकत नाही. तुले चालते का ते?"

मंदारनं बॅगेतून लॅपटॉप काढला, तिथंच काउंटरवर उघडला आणि दहा मिनिटांत प्रेरणाच्या सहीला मान्यता देऊन टाकली.

"पुढचं रिलीज तुझं," तो म्हणाला.

"आणि त्याच्या पायऱ्या? तुम्ही काय काय करता ते?"

"सात जणांनी मत दिलंय ना. त्यांना विचार."

चहा आला होता. त्याचा कप तसाच राहिला.

पुढचे दोन महिने प्रेरणानं जुन्या रिलीजच्या नोंदी उकरून काढल्या. कोणत्या दिवशी काय बदललं, किती वाजता सही झाली, त्यावरून अंदाज बांधत तिनं बावीस पायऱ्यांची यादी केली. मंदारला तिनं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तर सरळच लिहिलं, रिलीजच्या आधी तुम्ही यापेक्षा आणखी काही करता का. उत्तर दोन शब्दांचं आलं. "नीट काम."

तिनं दहा नोव्हेंबर ही तारीख जाहीर केली. पडून राहिलेल्या एकतीस दुरुस्त्या घेतल्या आणि हातासरशी कोडमधला वर्षानुवर्षांचा पसाराही आवरला. कोणी वापरत नाही असं तिला वाटलेले अक्षरांचे तक्ते त्यात होते, नाव नसलेले, टीप नसलेले, नुसते आकडे घातलेले. ते तिनं काढून टाकले. नागपूरच्या साकेतनं गटात लिहिलं की या तक्त्यांवरून एकदा नजर फिरवायला मला आठ दिवस दे. प्रेरणानं लिहिलं, तारीख दिली आहे, पुढच्या वेळी पाहू.

आठ दिवसांनी काही बिघडणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण तारीख एक दिवसानं जरी हुकली असती तरी यवतमाळात एक माणूस हसला असता.

दहा तारखेला सकाळी अकरा वाजता रिलीज झालं. गटात सगळ्यांनी अभिनंदन केलं. मंदार काही बोलला नाही.

सतरा दिवसांनी, गुरुवारी दुपारी, तिला एका अनोळखी नंबरावरून फोन आला.

"रफारवाल्या मॅडम का? मी राजूरहून लखीराम आडे बोलतो. टायपिंगचं दुकान आहे माझं." आवाज शांत होता. "तुमच्या नव्या रफारनं सहाचे नऊ केले जी. अन् नवाचे सहा."

मग त्यानं सगळं सांगितलं. राजूरकडची एक कोळशाची खाण वाढणार होती आणि चार गावांच्या जमिनी त्यात जाणार होत्या. ज्यांना हरकत घ्यायची त्यांनी ऑनलाइन अर्ज करायचा, मुदत सोमवारपर्यंत. एका वकिलानं एकशे बारा लोकांचे अर्ज लखीरामकडे दिले होते. लखीरामचा हात जुन्या फाँटावर बसलेला, म्हणून तो नाव, गाव, गट नंबर आणि क्षेत्र त्यात टाइप करी, मग रफारमधून काढी आणि वकिलानं दिलेल्या मजकुरात जोडी. एकसष्ट अर्ज गेले होते. लालीबाई नावाची म्हातारी आपली प्रत न्यायला आली तेव्हा तिनं कागदावर बोट ठेवलं.

"तिले बाकी वाचता येत नाही," लखीराम म्हणाला. "गटाचा आकडा तेवढा येते. म्हणे, माझा गट एकोणसत्तर, इथं शहाण्णव काहून? मग मी सगळे काढून पाह्यले. सगळ्याइचं तसंच."

म्हणजे लालीबाईनं हरकत घेतली होती ती दुसऱ्याच कोणाच्या जमिनीसाठी. तिच्या स्वतःच्या जमिनीवर तिची हरकत नव्हती.

"मूळ फायली आहेत ना तुमच्याकडे?"

"त्याच नावावर सेव्ह केल्या जी. जुन्या गेल्या."

प्रेरणाला चूक शोधायला वीस मिनिटं लागली. तिनं काढून टाकलेल्या तक्त्यांपैकी सतरा नंबरचा. नव्वदच्या दशकात वणी-राजूर भागात कोणीतरी एक फाँट विकला होता, त्यात सहा आणि नऊ यांच्या जागा उलट्या होत्या. तक्ता सतरा तेवढंच काम करी, त्यांना परत सरळ करी. तिनं रिलीज मागे घेतलं, चूक माझी आहे असं गटाला लिहिलं आणि किसनसिंगला फोन लावला. का लावला ते तिलाही सांगता आलं नसतं. कोणाशी तरी बोलायचं होतं.

"पण पोरी," किसनसिंग म्हणाला, "माझ्याकडचं तपासणं तू काहून नाही केलं?"

"कोणतं तपासणं?"

तो थांबला. "मंदारनं नाही सांगतलं तुले? माझ्या जुन्या मशीनवर चाळीस फायली ठेवल्या आहेत. सगळ्या फाँटाच्या, राजूरच्यासुद्धा. रिलीजच्या आधी मंदार नवा रफार मले पाठवते, मी त्या चाळीस फायली त्यातून काढतो, नजरेनं पाह्यतो अन् सांगतो. दरवेळेस. यावेळी आलं नाही तं मी फोन केलता त्याले."

"कधी?"

"तुह्या रिलीजच्या चार दिवस आधी. म्हटलं, तपासायला काही आलं नाही. तो म्हणला, तिचं काम आहे, ती पाठवीन. मले वाटलं, तुले माहीत आहे."

प्रेरणा खुर्चीत बसून राहिली. समोर पडद्यावर गटातला नवा निरोप आला होता, मंदारचा. "चौदा महिने थांबलो होतो तो याचसाठी. आता वाटणीची मजा घ्या."

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं ती यवतमाळला गेली. दार मंदारच्या बायकोनं, पद्मजानं उघडलं. प्रेरणानं नाव सांगितल्यावर ती क्षणभर दारातच उभी राहिली, मग बाजूला झाली. मंदार सोफ्यावर पेपर वाचत होता. तो उठला नाही.

"तुम्हाला माहीत होतं," प्रेरणा म्हणाली.

"काय?"

"किसनसिंगकाकांकडं काहीच तपासलं नाही, हे. चार दिवस आधी माहीत होतं."

त्यानं पेपरची घडी केली. "हो."

"हो?"

"तू विचारलं नाहीस."

"दोनदा विचारलं. आणखी काही करता का, असं विचारलं. तुम्ही लिहिलं, नीट काम." तिनं फोन काढून त्याच्यासमोर धरला. पद्मजा मागं दारात उभी होती, तिनंही पाहिलं.

"राजूरचं मला माहीत नव्हतं," मंदार म्हणाला. "तू तक्ता सतरा काढलास, ते मी पाहिलंसुद्धा नव्हतं. मला वाटलं होतं, एखादा काना-मात्रा चुकेल. दोन-चार लोक ओरडतील. तुला कळेल."

"काय कळेल?"

"की हे यादी करून येत नाही."

"तक्त्याला नाव का नव्हतं?"

"मला माहीत होतं तो कशाचा आहे." मग तो पुढं झुकला. "आणि साकेतनं तुला आठ दिवस मागितले होते. याच तक्त्यांसाठी. ते का नाही दिलेस?"

प्रेरणाकडे उत्तर होतं, पण ते द्यायचं नव्हतं.

"तारीख दिली होती," ती म्हणाली.

"तारीख. मला दाखवायला."

"हो. तुम्हाला दाखवायला."

बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली.

"एकसष्ट अर्ज चुकीचे गेलेत," प्रेरणा म्हणाली. "कोणते सहा बरोबर आणि कोणते उलटे, ते मशीनला कळणार नाही, कारण वकिलाचा मजकूर आधीपासून युनिकोडमध्ये होता, त्यातले आकडे सरळच आहेत. प्रत्येक आकडा सातबाऱ्याशी लावून पाहावा लागेल. लखीराम एकटा आहे. मी बाराच्या वणी गाडीनं चाललेय. तुम्ही यायचं तर या. नाही आलात तर किसनसिंगकाकांचा फोन कधी आला होता, ते आज संध्याकाळच्या आत गटाला कळेल."

"धमकी देतेस, माझ्या घरात उभी राहून?"

"हो."

मंदारनं पद्मजाकडे पाहिलं. तिनं त्याची बॅग आतल्या खोलीतून आणून सोफ्यावर ठेवली. "पुढचे दोन दिवस तरी मला तुमच्याशी काही बोलायचं नाही," ती त्याला म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली.

एसटीत तो तिच्यामागं चार बाकं सोडून बसला. वणीपर्यंत आणि वणीहून राजूरपर्यंत ते एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

लखीरामचं दुकान म्हणजे रस्त्यावरची एक खोली. रस्त्यानं कोळशाचे ट्रक जात आणि प्रत्येक ट्रकमागं काळी धूळ आत येई, म्हणून त्यानं दोन्ही कीबोर्डवर प्लास्टिक चढवलं होतं. बाकावर सात-आठ माणसं हातात सातबारे घेऊन बसली होती.

"मी मंदार पांढरीपांडे," मंदार म्हणाला. "रफार मी लिहिला. म्हणजे मूळ. हे रिलीज माझं नव्हतं, ते—"

"साहेब, मले ते सांगू नका," लखीराम म्हणाला. "एक जण सातबारा वाचा, एक जण पडद्यावर पाहा. मी सह्या-अंगठे घेतो."

मंदारनं सातबारे घेतले, प्रेरणा कॉम्प्युटरपुढं बसली. तो वाचायचा, ती पाहायची, चूक असली तर बदलायची.

"गट एकशे एकोणनव्वद. क्षेत्र एक पूर्णांक शून्य नऊ. खाते सहाशे—"

"हळू."

"मी हळूच वाचतोय. तुझी नजर हळू आहे."

"क्षेत्र परत."

"एक पूर्णांक शून्य नऊ."

"तुम्ही मघाशी पोटहिस्सा सोडला. एकशे एकोणनव्वद, खाली दोन."

त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. दोन होता. "दोन," तो म्हणाला, जणू ते त्यानंच शोधलं होतं.

तासाभरानं तिच्याकडून एक सहा सुटला. मंदारनं पडद्यावर त्या आकड्याजवळ बोट धरलं आणि तिनं पाहीपर्यंत काढलं नाही. तिनं बदललं. त्याच्या बोटाचा काळा ठसा काचेवर राहिला. तिनं तो ओढणीनं पुसला आणि म्हणाली, "तोंडानं सांगत जा."

संध्याकाळपर्यंत सोळा अर्ज झाले. प्रेरणा लखीरामच्या घरी राहिली, मंदार वणीच्या लॉजवर गेला. लखीरामच्या बायकोनं, चंदाबाईनं, तिला जेवायला वाढताना विचारलं, "ते साहेब तुमचे कोण?"

"कोणी नाही," प्रेरणा म्हणाली.

शनिवारी लालीबाई आली. सत्तरीच्या पुढची, पाठीत वाकलेली, डोक्यावरून पदर. तिनं आल्या आल्या प्लास्टिकच्या पिशवीतून सातबारा काढला, पण कोणाच्या हातात दिला नाही.

"हे रफारवाले," लखीरामनं तिला सांगितलं. "दुरुस्त करायला आले."

तिनं आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे पाहिलं. "कोणी केलं हे?"

ट्रक गेला. लखीरामनं कागदांवर हात ठेवला.

"मी," प्रेरणा म्हणाली. "मी न तपासता दिलं."

"अन् हे?"

मंदार सातबाऱ्याकडे पाहत होता. त्यानं कागद खाली ठेवला. "तपासलं नाही हे मला माहीत होतं," तो म्हणाला. आवाजात चीड होती, कोणीतरी हे त्याच्याकडून ओढून काढल्यासारखी. "मी सांगितलं नाही."

"काहून?"

बाकावरची माणसं त्याच्याकडे पाहत होती. प्रेरणाला वाटलं होतं, हा क्षण आला की बरं वाटेल. वाटलं नाही. तिलाही कोणी काहून विचारलं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं.

लालीबाईनं उत्तराची वाट पाहिली. मग तिनं बाकावरच्या दोन माणसांना सरकवलं आणि बसली. "माझा कागद माझ्यासमोर करा," ती म्हणाली. "मी इथंच बसतो."

तिचा अर्ज त्यांनी तीनदा वाचला. एकोणसत्तर. तिनं पडद्यावर स्वतः बोट ठेवून पाहिलं, सहाच्या पोटावर, मग नवाच्या. प्रिंट निघाल्यावर परत पाहिलं. अंगठा दिला आणि गेली.

रविवारी उरलेले एक्कावन्नही त्याच पद्धतीनं तपासून घेतले, कारण त्यातले किती जुन्या रफारमधून निघाले आणि किती नव्यातून, हे लखीरामला सांगता येईना. सोमवारी दुपारी चारपर्यंत एकशे आठ अर्ज गेले. चार राहिले. त्यातले तीन लोक कापूस वेचायला तेलंगणात गेले होते, एक नागपूरला दवाखान्यात होता. त्यांच्या अंगठ्याशिवाय नवा अर्ज घेत नव्हते. त्या चौघांच्या नावावर चुकीच्या गटाचे अर्ज तसेच राहिले. वकील म्हणाला, उशीर माफ करा म्हणून अर्ज देऊन पाहू, होईल की नाही सांगता येत नाही. त्यानं प्रेरणा आणि मंदारकडे पाहिलं आणि पुढं जे म्हणायचं होतं ते गिळलं.

परतीच्या गाडीत जागा कमी होती. त्यांना एकाच बाकावर बसावं लागलं. दोघांच्या मध्ये मंदारनं आपली बॅग ठेवली.

मंगळवारी प्रेरणानं गटाला सगळं लिहिलं. साकेतचे आठ दिवस का नाकारले ते, तारखेचं खरं कारण, किसनसिंगचा फोन, मंदारचं गप्प राहणं. तिनं त्याला राजूरला येण्याच्या बदल्यात काही कबूल केलं नव्हतं. आलात तर लपवीन, असं ती कधी म्हणालीच नव्हती. मंदारनं फोन करून तिला बेइमान म्हटलं. ती म्हणाली, नीट आठवून पाहा मी काय बोलले होते ते, आणि फोन ठेवला.

पाच जणांनी लिहिलं, मंदार सरांचा अधिकार काढून घ्या. साकेतनं लिहिलं, दोघांचाही काढा. दोन दिवस कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. तिसऱ्या दिवशी प्रेरणानं नवा प्रस्ताव ठेवला. यापुढं पाळी नाही. प्रत्येक रिलीजला दोन सह्या, तिची आणि मंदारची. एक जरी नसली तर आवृत्ती बाहेर जाणार नाही. आणि ज्यानं सही अडवली त्यानं सात दिवसांत कारण लिहून द्यायचं. नाही दिलं तर त्याचा अधिकार गेला.

साकेतनं तिला फोन केला. "त्याच्यासोबत तुला काम करायचंय अजून?"

"नाही करायचं."

"मग?"

"एकट्या त्याच्या हाती काय झालं ते चौदा महिने पाह्यलं. माझ्या एकटीच्या हाती काय झालं ते राजूरला पाह्यलं. मी चुकली की त्याच्याइतक्या आनंदानं ते दुसरं कोणी शोधणार नाही."

प्रस्ताव मंजूर झाला. मंदारनं गटाला लिहिलं, "अपमान करून ठेवून घेताय." प्रेरणानं खाली लिहिलं, "हो. राहायचं तर राहा." तो जाईल असं सगळ्यांना वाटलं. दहा दिवस तो काही बोलला नाही. अकराव्या दिवशी त्याच्याकडून एक फाइल आली, वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. रिलीजच्या पायऱ्या. प्रेरणाच्या यादीत बावीस होत्या, यात त्रेसष्ट होत्या. काही तिला सुचल्या असत्या, काही दहा वर्षं काम करूनही सुचल्या नसत्या. तिनं ती सलग तीन दिवस वाचली, आणि एकेचाळिसावी पायरी चुकीची आहे असं कळवलं. ती चुकीची होती. मंदारनं ती बदलली.

नवं रिलीज फेब्रुवारीत ठरलं. मंदारनं पहिल्यांदा सही अडवली तेव्हा कारणात एकच शब्द होता, निष्काळजीपणा, आणि खाली ओळ नंबर. प्रेरणानं शिव्या दिल्या, तिच्या आईनं आतून विचारलं काय झालं, आणि मग तिनं ती ओळ उघडून पाहिली. चूक होती. तिनं दुरुस्त केली. चार दिवसांनी तिनं त्याच्या एका बदलावर सही अडवली आणि कारणात त्याचाच शब्द लिहिला. त्यानं पुरा आठवडा घेतला आणि सातव्या दिवशी संध्याकाळी दुरुस्ती पाठवली. असं तीनदा झालं. आवृत्ती ठरल्यापेक्षा एकोणीस दिवस उशिरा निघाली.

ती निघाली त्या दिवशी किसनसिंगचा फोन आला. राजूरच्या चौघांपैकी दोघांचा उशीर माफ झाला, असं त्याला लखीरामनं सांगितलं होतं. उरलेल्या दोघांचं अजून काही कळलं नव्हतं.

"अन् तुमचं?" त्यानं विचारलं. "बोलता का आता एकमेकाशी?"

"नाही, काका."

"मग काम कसं चालते?"

"लिहून."

"मंदार काल आलता इथं," तो म्हणाला. "चहा पेला. तुह्याबद्दल फार वाईट बोलला."

"काय म्हणाले?"

"जाऊ दे."

"सांगा ना."

"म्हणला, तिनं यावेळेस माझी एक चूक पकडली, ती बारा वर्षांपासून तिथं होती. अन् मग शिवी देल्ली."

फोन ठेवल्यावर तिनं मेल उघडला. मंदारचा निरोप आला होता, पुढच्या आवृत्तीच्या पहिल्याच बदलावर. "ओळ तीनशे आठ. चूक."

तिनं ओळ तीनशे आठ काढली. दोनदा वाचली, मग जुनी फाइल काढून ताडून पाहिली. या वेळी तीच बरोबर होती. तिनं लिहिलं, "बरोबर आहे. परत पाहा," आणि त्याचं उत्तर यायच्या आत पुढच्या ओळीकडे वळली.